गुन्हेशोध डीएनए किट: रावेरच्या शाळेतून परीक्षण

खोक्यावर भिंग धरलेला गुप्तहेर, खाली 'आठवी ते दहावीसाठी' आणि किंमत हजाराच्या आतबाहेर. रावेर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेसाठी हे मागवलं. पैसे वसूल झाले, पण कंपनीला वाटतं त्या कारणाने नाही.

पहिला भाग फळातून डीएनए काढण्याचा. सूचनापत्र म्हणतं, स्ट्रॉबेरी घ्या. केळीच्या रावेरात स्ट्रॉबेरी! तिच्यात गुणसूत्रांचे (डीएनएच्या गुंडाळ्यांचे) आठ संच असतात, म्हणून तिला हा मान. आपल्या ग्रँड नैन जातीच्या केळ्यात तीनच, पण तेवढ्यांत काम भागतं. पिकलेलं केळं कुस्करलं, मीठ आणि साबणाचं पाणी घातलं, गाळलं, वरून थंड अल्कोहोल सोडलं. अल्कोहोल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा म्हणे. शाळेत फ्रीज नाही आणि मार्चचं ऊन खान्देशचं. शिपाईमामांनी गोळ्याच्या गाडीवरून बर्फ आणला. पांढरे धागे तरंगत वर आले आणि मागच्या बाकावरची पोरंही उठून पुढे आली.

पत्रकात त्या धाग्यांना 'शुद्ध डीएनए' म्हटलंय, ते खोटं. केळ्यात पेक्टिन, म्हणजे फळातला चिकट पदार्थ, भरपूर; तेही अल्कोहोलमध्ये साकळतं. त्या लोळ्यात पेक्टिन, प्रथिनं, डीएनएचा भाऊबंद आरएनए, सगळंच असतं. एवढी एक ओळ छापायला काय जात होतं?

दुसरा भाग गुन्ह्याचा. बंगल्यातला हिरा चोरीला, तीन संशयित, जेलमध्ये (तुरुंग नव्हे, जेलीसारखा थर) रंगीत पट्ट्या पळवा आणि जुळवा. पट्ट्या छान पळतात, पण तो नुसता रंग आहे, डीएनए नव्हे, आणि हे कुठेच सांगितलेलं नाही. शिवाय प्रयोगशाळा आता असे पट्टे जुळवत बसत नाहीत. जनुकसंचात, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएत, ठरावीक जागी चार अक्षरांचा (डीएनएच्या घटकांना अक्षरं म्हणतात) छोटा तुकडा किती वेळा आला, ते मोजतात आणि आकड्यांचा तक्ता देतात. अमेरिकेच्या यादीत आधी अशा 13 जागा होत्या, 2017 पासून 20 आहेत. दोन तक्ते जुळले तर दुसऱ्या कोणाशी योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, हेही काढावं लागतं. किटमध्ये शक्यतेचा 'श' नाही. पट्टे जुळले की चोर सापडला!

हिरा काही पोरांच्या पचनी पडेना. मग मी गोष्ट बदलली: रात्रीतून कोणीतरी बागेतले घड कापून नेले. लगेच मागून प्रश्न आला, "सर, मंग कोन्ची केयी कोनाची, कसं ओयखाचं?"

तास तिथेच रंगला. रोपं टिश्यू कल्चरची, म्हणजे एकाच झाडाच्या नकला. चोरीचा घड आणि शेजाऱ्याचा घड, दोघांचा डीएनए सारखाच निघणार. त्याउलट 1992 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात पालो व्हर्डे झाडाच्या शेंगा संशयिताच्या गाडीत सापडल्या आणि डीएनएवरून त्या घटनास्थळाच्या झाडाशी जुळल्या. ती झाडं बियांपासून वाढलेली, म्हणून प्रत्येकाचा नमुना वेगळा. आमच्या चोराला पकडायचं तर केळी सोडून विळ्यावरचं रक्त शोधावं लागेल.

आता पैसे वसूल करणारी वस्तू: खोक्याच्या तळाशी डॉ. लालजी सिंह यांच्यावरची छोटी पुस्तिका. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात, शेतकऱ्याच्या घरी 1947 चा जन्म. बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन, मग ब्रिटनमधलं एडिनबर्ग. तिथे पट्टेरी मण्याराच्या डीएनएत वारंवार येणारा एक भाग हाती लागला. काम होतं सापात नर-मादी कसं ठरतं याचं. ब्रिटनमध्येच लेस्टरला शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये डीएनएचे ठसे, म्हणजे डीएनएच्या पट्ट्यांवरून माणूस ओळखण्याची पद्धत, शोधले. त्यानंतर हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत लालजींनी मण्याराच्या त्याच तुकड्यावरून देशी तंत्र बनवलं, कारण तसाच भाग माणसाच्या डीएनएतही येतो. राजीव गांधी हत्या, दिल्लीचं तंदूर खून प्रकरण यांत ते कामाला आलं. मण्यार म्हटलं की पोरांचे कान टवकारतात, रात्री बागेत पाणी द्यायला जाणाऱ्यांची मुलं ती. सापाच्या डीएनएवरून माणूस ओळखला जायचा हे त्यांना हिऱ्यापेक्षा भारी वाटलं. मलाही.

पुस्तिका 1990 च्या दशकापासून पुढचं घाईने उरकते. हैदराबादेतलं सीडीएफडी हे डीएनए-ठशांचं केंद्र उभं करण्यातला त्यांचा वाटा एका ओळीत, 2017 मधलं निधन तारखेपुरतं. चित्रंही धूसर.

हातमोजे मोठ्या मापाचे, आठवीच्या हातातून निसटतात. पार्सल वेळेत आलं, पण एक बाटली गळकी होती. तक्रारीला उत्तर आलं, बाटली आली नाही. रिफिल पॅक मागवू नका. आयसोप्रोपाइल अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं, मीठ-साबण घरचं आणि केळी तर विचारायलाच नको. किट वर्गाला मिळून एकच घ्या, जेलची पेटी जपून ठेवा आणि संशयितांची कार्डं स्वतः बनवा.

पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन पुस्तिकेचे.