माळरानासाठी कोणती लेन्स : कॅननची १००-५०० की २००-८००?

सोलापूर परिसरात वन्यजीवांची छायाचित्रे काढायची, तर लेन्स निवडताना पहिला विचार अंतराचा करावा लागतो. नान्नजच्या गवताळ माळावर आडोसा फारसा नाही; काळवीट, खोकड (छोटा कोल्हा) किंवा धाविक हा जमिनीवर धावणारा पक्षी आपल्याला दुरूनच हेरतात आणि अंतर राखूनच वावरतात. कॅननची आरएफ माउंटची (म्हणजे आरएफ लेन्स बसणारी) बॉडी असणाऱ्यांपुढे म्हणूनच १००-५०० आणि २००-८०० मिलिमीटरच्या या दोन झूम लेन्सचा प्रश्न उभा राहतो.

१००-५०० ही २०२० ची लेन्स, ट्रायपॉड कॉलर सोडून १३७० ग्रॅम वजनाची आणि किमतीने महाग. २००-८०० ही २०२३ ची. वजन २०५० ग्रॅम आणि झूम मिटलेला असतानाही लांबी ३१ सेंटिमीटरच्या पुढे. गाडीच्या खिडकीत बीन बॅगवर (लेन्स टेकवायच्या मऊ पिशवीवर) टेकवली की वजन जाणवत नाही, मात्र लांडगा अचानक दुसऱ्या बाजूने निघाला, तर एवढी लांब लेन्स आतल्या आत वळवताना हमखास अडते.

प्रकाशाच्या बाबतीत पहिली ५०० वर एफ/७.१ देते, दुसरी ८०० वर एफ/९ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). हा फरक दोन तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश), म्हणजे पहिलीचे काम आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची कॅमेऱ्याची पातळी) २००० वर भागते तिथे दुसरीला ३२०० लागतो. एवढ्यावरून २००-८०० ला अंधारी ठरवणे मला पटत नाही. दूरचा धाविक ५०० वर टिपून ८०० इतका क्रॉप केला, तर फ्रेमचा जेमतेम ३९ टक्के भाग हाती उरतो आणि त्यातला नॉईज (चित्रातले दाणे) ठळक होतो. लेन्सच्या छिद्राचा व्यास काढायला ५०० ला ७.१ ने भागल्यास ७० मिलिमीटर येतात, ८०० ला ९ ने भागल्यास ८९. पक्ष्याकडून येणारा प्रकाश आत घेणारे तोंड दुसऱ्या लेन्सचेच मोठे आहे. त्यामुळे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी असेल आणि ओढ मुख्यतः माळावरच्या पक्ष्यांची असेल, तर मी २००-८०० घ्यायला सांगेन.

अर्थात तिचा उपयोग सकाळच्या गारव्यातच. उन्हाळ्यात माळ तापला की जमिनीलगतची हवा थरथरते, काळविटाच्या पायांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि ८०० वर हा दोष अधिकच मोठा होऊन येतो.

उजनी जलाशयावर मात्र १००-५०० निर्विवाद सरस आहे. हलत्या होडीत हलकी लेन्स सावरता येते, आणि रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा समोरून उठला की १०० ते २०० मधली रुंदीच कामी येते. आर७ सारखी लहान सेन्सरची बॉडी असल्यासही हीच घ्यावी, कारण तिच्यावर ५०० चा दृश्यकोन फुल फ्रेमवरच्या ८०० इतका होतो. फक्त टेलिकन्व्हर्टरच्या (लेन्सची पोच वाढवणाऱ्या जोडभिंगाच्या) भरवशावर राहू नये : १.४ पटीचा लावल्यावर या लेन्सचा झूम ३०० च्या खाली आणता येत नाही, आणि हाती येते ती ४२०-७००, तीही टोकाला एफ/१० ची.