वडापावची गाडी: भाजी घरून न्यावी की गाडीवरच करावी?

वडापावची गाडी सुरू करताना कागदपत्रांची धास्ती घेण्याचे फारसे कारण नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये छोट्या विक्रेत्याला परवान्याऐवजी नोंदणी पुरते आणि तिचा १४ अंकी क्रमांक कोणत्याही पद्धतीत लागतोच. बटाट्याची भाजी घरी करून गाडीवर फक्त वडे तळायचे, की बटाटे उकडण्यापासून सगळे गाडीवरच करायचे, हे ठरवणे त्याहून अवघड आहे. कारण स्वच्छतेचे नियम पाळणे कितपत जमेल, ते यावरच अवलंबून असते.

घरी वाहते पाणी असते, साबणाने हात धुता येतात, बटाट्याची माती आणि साली गाडीपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र घरी केलेल्या भाजीला वेळ घातक ठरतो. उकडलेला बटाटा मऊ आणि ओलसर असतो, शिवाय उकडल्यानंतरच त्याला सोलणे, कुस्करणे, गोळे करणे अशा कामांत सर्वाधिक हात लागतात. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावे, असा दंडक आहे. पहाटे केलेली भाजी खोल डब्यात दाबून भरली, तर तिचा मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो आणि त्यात जंतू वाढतात. ‘शेवटी उकळत्या तेलातच पडणार आहे’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो धोक्याचा आहे. नाकात किंवा हातावरच्या जखमेत आढळणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू उष्णतेने मरतो, परंतु त्याने भाजीत आधीच सोडलेले विष तळल्यानेही सहजी नष्ट होत नाही. म्हणून घरून भाजी न्यायची असेल, तर ती परातीत पसरून लवकर निववावी, फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या पेटीतून न्यावी आणि शक्यतो सकाळ-संध्याकाळसाठी वेगवेगळी करावी. घरचे स्वयंपाकघरही मग व्यवसायाचीच जागा ठरते, हे ध्यानात घेऊन नोंदणीच्या वेळीच त्याविषयी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

गाडीवर भाजी केल्यास उकडणे आणि तळणे यांतले अंतर कमी होते, हा मोठा लाभ आहे. अडते ते पाण्यापाशी. बटाटे धुणे, उकडणे, भांडी घासणे आणि प्रत्येक टप्प्यावर हात धुणे, एवढ्याला दोन-तीन जार पुरत नाहीत, आणि मग ताटल्या, हात व फडके एकाच बादलीत बुचकळले जाऊ लागतात. नियमांप्रमाणे गाडीचा कामाचा पृष्ठभाग पाणी न शोषणारा, स्टेनलेस स्टीलसारखा सहज पुसता येणारा आणि जमिनीपासून किमान ६० ते ७० सेंटिमीटर उंच असावा, कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे. एवढ्या जागेत सोलणे, कुस्करणे आणि तळणे एकट्या माणसाला स्वच्छपणे जमणे कठीण आहे.

तेलाच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच: तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचणाऱ्या खराब घटकांचे, प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही, त्यामुळे काळपट, फेसाळ तेलात रोज नवे तेल ओतत राहण्याची सवय सोडावी लागते. वडा वर्तमानपत्रात बांधू नये, कारण छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते. लसणाची कोरडी चटणी टिकते. हिरवी चटणी मात्र न शिजवता केलेली असते, म्हणून ती पिण्याच्या पाण्यातच वाटावी आणि थोडीथोडी, थंड ठेवूनच न्यावी.

माझ्या मते एकट्याने गाडी चालवणाऱ्याने, जवळ नळ नसल्यास, भाजी घरीच करावी, पण घरी फ्रिज असेल तरच. मदतनीस आणि नळ दोन्ही असतील, तर गाडीवर थोडी थोडी भाजी करणे अधिक सुरक्षित. पैसे घेणारा हात आणि पाव भरणारा हात वेगळा ठेवणेही मदतनीस असला की सोपे जाते. तयार भाजी विकत घेण्याचा तिसरा मार्ग निवडल्यास पुरवठादाराचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक तपासून घ्यावा आणि रोजचे बिल जपून ठेवावे.