विजयाचे थेंब की गोळ्यांचं घड्याळ

पार्किन्सन्स झालेल्याला दोन-तीन वर्षांत कोणीतरी विजयाचं, म्हणजे भांगेच्या अर्काचं, तेल सुचवतंच. मला तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या मित्रानं सुचवलं. न्यूरोलॉजिस्टचं मत वेगळं होतं: नवीन काही नको, लेव्होडोपाच, म्हणजे पार्किन्सन्सची नेहमीची गोळीच, दिवसात जास्त वेळा विभागून घ्या. आधी जुन्या गोळ्यांच्या जोडीला तेल, मग तेल बंद करून गोळ्यांच्या नव्या वेळा, असं दोन्ही तीन-तीन महिने करून पाहिलं.

तेलानं झोप लागली, हे कबूल. पहाटे तीनला पंख्याकडे बघत पडणं कमी झालं, जिवाची घालमेलही. पण शर्टाच्या बटणाला लागायचा तेवढाच वेळ लागायचा. ब्राझीलमध्ये २०१४ साली २१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं: रोज ३०० मिलिग्रॅम सीबीडी (भांगेतलं नशा न आणणारं द्रव्य) घेणाऱ्यांचं एकूण जगणं सुधारलं, हालचाल नाही. माझ्या बाटलीवर अर्क किती ते छापलं होतं, त्यात सीबीडी किती ते नव्हतं.

तेही चाललं असतं. पण तो ड्रॉपर! आठ थेंब जिभेखाली. हात थरथरतो म्हणून औषध, आणि ते घ्यायला न हलणारा हात हवा. आरशासमोर आ वासून उभा राहायचो. तिसरा थेंब ओठावर, चौथा मिशीत, पुढचा पाचवा की सहावा याचा पत्ता नाही. चमच्यात मोजावे तर चमचाच हलतो. शेवटी बायको मोजून देऊ लागली. ती चार दिवस ऐरोलीला लेकीकडे गेली आणि माझे थेंब बंद. बनियनवरचे हिरवट डाग अजून निघालेले नाहीत.

गोळ्यांचाही जाच आहेच. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, आणि प्रथिनं आड येतात म्हणून उसळ, मासे रात्रीवर ढकललेले. गजर दिवसातून पाचदा. एकदा गडकरीला ऐन नाटकात वाजला, पुढच्या रांगेनं वळून पाहिलं. पण गोळी माझी मी घेतो, आणि अर्धी म्हणजे अर्धीच असते.

तुमची मुख्य तक्रार झोपेचीच असेल आणि घरात थेंब मोजणारं कोणी असेल, तर तेलाला नाही म्हणणार नाही. मात्र न्यूरोलॉजिस्टच्या कानावर घाला. क्लोनाझेपाम ही झोप आणणारी गोळी चालू असेल तर आवर्जून, गुंगी वाढू शकते. माझी बाटली फडताळात अर्धी पडून आहे. गजर आता व्हायब्रेटवर ठेवलाय.