ठाणे स्टेशन: रोजच्या पासवालीकडून पाचपैकी चार स्टार

सतरा वर्षं झाली, माझा पास ठाण्याचा. आधी ठाणे-दादर, आता ठाणे-वाशी. म्हणजे या स्टेशनचे सगळे जिने पायांना पाठ आहेत, त्यामुळे मनापासून लिहितेय.

पहिल्यांदा पाच नंबरच्या फलाटाबद्दल. कल्याणकडच्या फास्ट गाड्या इथे लागतात आणि पूर्वी संध्याकाळी गाडी आली की उतरणारे, चढणारे आणि जिन्यावरून खाली येणारे असे तिन्ही लोंढे एकाच चिंचोळ्या पट्टीत यायचे, बॅग पोटाशी धरून जिन्याच्या भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि मोकळं झालं की सरकायचं. मग ३० मे २०२४ च्या रात्रीपासून ६३ तासांचा तो मोठा मेगाब्लॉक घेतला, रूळ बाजूला सरकवले, सिमेंटचे तयार ठोकळे आणून बसवले आणि फलाट दोन-तीन मीटरने रुंद केला. दोन-तीन मीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही हो, पण परवा त्याच जिन्यापाशी एक आजी पिशवी खाली ठेवून निवांत चष्मा पुसत होत्या आणि लोक त्यांच्या बाजूने जात होते. त्या जागी कोणी असं उभं राहिलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. ज्यांनी त्या तीन दिवसांत उन्हात राबून हे काम केलं त्यांना खरंच सलाम.

आता इतिहास, कारण ठाणेकरांना तो सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि मलाही नाही. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीजवळून, देशातली पहिली पॅसेंजर गाडी निघाली ती इथे यायला, १४ डबे, साधारण ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. ही रेल्वे उभी राहावी म्हणून आपल्या नाना शंकरशेटांनी जो जोर लावला तो विसरून चालणार नाही. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणला पोचली. बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटर आज फास्ट लोकलने पाऊण तासाच्या आतबाहेर होतात आणि आपण त्यात तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसून डुलक्या काढतो, मला तर सकाळी गर्दीत हे आठवलं तरी अंगावर काटा येतो.

नवीन माणसाने एवढं लक्षात ठेवावं की पश्चिमेकडून आलात तर आधी एक नंबर, पूर्वेला कोपरीकडून आलात तर आधी दहा नंबर. सीएसएमटीला बसून जायचं असेल तर ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा, वेळ जास्त लागतो पण सीट मिळते. कळवा-मुंब्र्याला उतरायचं असेल तर फास्टमध्ये चढू नका, बहुतेक फास्ट गाड्या तिथे न थांबता थेट पुढे जातात. वाशी-पनवेलच्या ट्रान्सहार्बर गाड्या नऊ-दहाच्या बाजूला, ही लाईन २००४ ला सुरू झाली आणि माझ्यासारख्या ऐरोली-घणसोली-वाशीला नोकरी करणाऱ्या बायकांचं आयुष्यच बदललं, नाहीतर कुर्ल्याला जाऊन हार्बर पकडा नाहीतर बसमध्ये लटका. आता दिघा गावलाही थांबते.

पश्चिमेला सॅटिसचा, म्हणजे स्टेशनबाहेरच्या वाहतुकीसाठी बांधलेला पूल आहे, वर बस आणि खाली रिक्षा. पावसाळ्यात फलाटावरच्या पुलावरून थेट बसच्या स्टॉपपर्यंत जाता येतं, रस्त्यावरच्या चिखलात उतरावं लागत नाही, ही मला सगळ्यात आवडलेली सोय. दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप बीप असा आवाज येतो, ऐकू आला तर त्या जागेवर उभं राहू नका प्लीज, दृष्टिहीन माणूस त्या आवाजाच्या भरवशावरच येत असतो.

एक स्टार कमी केला तो संध्याकाळी सात ते नऊ या वेळेच्या पुलांसाठी. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहेत, तिकिटाची मशिनं आहेत, पण माणसंच एवढी आहेत की वर चढायलाच वेळ जातो. सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर दोन गाड्या जाऊ द्या, गर्दी ओसरली की मगच जिना चढा.

आणि गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी, मांडवी, कोकणकन्या, तुतारी या कोकणात जाणाऱ्या तिन्ही गाड्या इथे थांबतात, पण थांबतात अगदी थोडा वेळ. त्यामुळे दादरला धावण्यापेक्षा इथूनच चढा, फक्त अर्धा तास आधी या, इंडिकेटरवर डबा कुठे लागतो ते बघून सामानासकट तिथेच उभे राहा, आणि वेळ उरलाच तर आधी पश्चिमेला बाहेर जाऊन कुंजविहारचा जंबो वडापाव बांधून घ्या, एक दोघांना पुरतो.