वर्षाचा पास काढला, खाल्लं काय आणि गेले किती

ठाण्याहून गाडीने जाण्याजोग्या एका थीम पार्क रिसॉर्टचा फॅमिली पास आम्ही उन्हाळ्यात काढला. आता गेटवर शाळांच्या सहलींच्या बसेस लागू लागल्यात, म्हणजे मत द्यायला हरकत नाही. राइड्सबद्दल भरपूर जणांनी लिहिलंय, मी फक्त खाण्याबद्दल लिहिते.

महाग आहे, वेगळं सांगायला नको. गजानन वडापावची पिवळी चटणी खात वाढलेल्या ठाणेकराला इथला 80 रुपयांचा वडापाव पचणं अवघडच. तरी शिजवून दिलेल्या अन्नाचे पैसे मला तितकेसे टोचत नाहीत. डोसा समोर तव्यावर घालतात, सांबार गरम असतं. खिसा रिकामा होतो तो आयत्या वस्तूंवर: पॉपकॉर्न, थंड पेयं, पाण्याची बाटली. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबरोबर बसायची जागा आणि सेवाही मिळते, म्हणून तिथे एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये म्हटलंय. ठीक आहे. पण भर उन्हात रांगेत उभं राहून बाटली हातात घेतली, तर सेवा नेमकी कोणती झाली?

फुकट पाणी आहे, पण कूलर फूड कोर्टच्या मागे स्वच्छतागृहाजवळ, आणि पाटी नाही. सिनेमागृहांना बाहेरचे पदार्थ अडवता येतात, मात्र पिण्याचं पाणी मोफत द्यावं लागतं, असं 2023 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं. पार्कवाल्यांनीही निदान एक पाटी लावावी. रिकामी बाटली घरून न्या, ती गेटवर अडवत नाहीत.

मनगटावरच्या पट्ट्यात पैसे भरायची पद्धत मला मुळीच आवडली नाही. उरलेली रक्कम परत मिळते, पण बंद व्हायच्या वेळी सगळं पार्क त्याच खिडकीवर असतं आणि पोरं पेंगुळलेली. शेवटी शंभर-दीडशे रुपये सोडून माणूस निघतो. थोडे थोडेच भरा.

मुक्कामाच्या हॉटेलात सकाळचा नाश्ता सर्वात पैसावसूल: पोहे, उपमा, झणझणीत मिसळ. रात्रीच्या बुफेत तेच पनीर लाल, पांढऱ्या आणि हिरव्या रश्शात भेटतं. गंमत म्हणजे पार्कच्या गेटवर मुलांची उंची मोजतात आणि बुफेला वय विचारतात. आमची उंच लेक गेटवर पूर्ण, ताटावर अर्धी!

बिल नीट वाचा. रेस्टॉरंटला एरवी जीएसटी 5 टक्के लागतो, पण मागच्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलात एका जरी खोलीचं भाडं दिवसाला 7500 रुपयांच्या वर गेलं, तिथल्या जेवणावर 18 टक्के. म्हणून आम्ही रात्री बाहेर हायवेवरच्या ढाब्यावर जेवतो. सर्व्हिस चार्ज आपणहून लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय. आमच्या बिलात तो होता. काढा म्हटल्यावर काढला, फक्त मॅनेजर येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं.

जेवण वाढणारी मुलं मात्र लाख. संकष्टीला सासूबाईंसाठी मेनूत नसलेली साबुदाण्याची खिचडी त्यांनी करून आणली, दाण्याचा कूट सढळ हाताने घातलेली. पुढच्या वर्षी पास घेऊच, पण जेवणाची कूपनं जोडलेला नको. ती फक्त एकाच फूड कोर्टला चालतात आणि शनिवार-रविवारी तिथे बसायला खुर्ची मिळत नाही.