आठ महिने, तीन अल्बम: ब्लूज, रॉक आणि ब्लूग्रास

घरी रेकॉर्ड प्लेअर आणल्यावर मित्रांबरोबर ऐकण्यासाठी मी तीन अल्बम मागवले: ब्लूजगायक मडी वॉटर्सचा न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवातला ‘ॲट न्यूपोर्ट १९६०’, ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडचा ‘ॲट फिलमोर ईस्ट’ आणि निटी ग्रिटी डर्ट बँडचा ब्लूग्रासचा (बॅन्जो-गिटारवरच्या अमेरिकी लोकसंगीताचा) ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’. दर पंधरवड्याला आम्ही चार-पाच जण जमतो. आठ महिन्यांनंतरही हे तिन्ही पुन्हापुन्हा लावले जातात, ते त्यांत वादनाइतकीच त्या जागेची आणि माणसांची चाहूल उतरली आहे म्हणून, असे माझे मत झाले आहे.

ब्लूज कधीच न ऐकलेल्या माणसासमोर मी न्यूपोर्टच ठेवतो. ‘गॉट माय मोजो वर्किंग’ सुरू झाले आणि जेम्स कॉटनचा माऊथ ऑर्गन कानावर पडला की समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही. शेवट मात्र वेगळाच आहे. आदल्या दिवशीच्या दंगलीमुळे महोत्सव गुंडाळला जात असताना कवी लँग्स्टन ह्यूज यांनी तिथल्या तिथे निरोपाचे शब्द लिहून दिले आणि थकलेल्या मडीऐवजी पियानोवादक ओटिस स्पॅनने ते गायले. हे ठाऊक नव्हते तोवर आम्ही ते गाणे संपण्याआधीच सुई उचलत होतो.

‘सर्कल’ने मात्र आमची परीक्षा पाहिली. तीन तबकड्यांच्या सहाही बाजू एकाच बैठकीत लावण्याची चूक आम्ही पहिल्या रविवारी केली आणि बॅन्जोच्या अखंड झणत्काराने दोघे जण चहाच्या निमित्ताने उठून गेले ते परतलेच नाहीत. आता एका वेळी एकच बाजू लावतो. ऑगस्ट १९७१ मध्ये नॅशव्हिलच्या स्टुडिओत या तरुण बँडने अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, मदर मेबेल कार्टर अशा बुजुर्गांना बोलावले आणि गाण्यांमधल्या गप्पाही तशाच ठेवल्या. डॉक आणि गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांची पहिली भेट त्यात ऐकू येते. आपल्या मुलाचे नाव तुमच्यावरून ठेवले, असे डॉक त्याला सांगतो. ‘वाइल्डवुड फ्लॉवर’मध्ये मेबेलचा अंगठा गिटारच्या खालच्या स्वरांच्या तारांवर चाल वाजवतो आणि बोटे वरच्या तारांवर ठेका धरतात, हे मला चौथ्या-पाचव्या वेळी ऐकताना उमगले.

सर्वाधिक झिजला आहे तो फिलमोरचा संच. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात ध्वनिमुद्रित झालेल्या या दोन तबकड्यांत मिळून सातच रचना आहेत. बँडचा गिटारवादक ड्युएन ऑलमन बोटात औषधाची काचेची कुपी घालून, ती तारांवर सरकवत स्लाइड गिटार वाजवत असे. हवाईयन गिटारवरची हिंदी चित्रपटगीते ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला त्यातली मींड परकी वाटत नाही, पण ‘स्टेट्सबरो ब्लूज’मध्ये तिला जो खरखरीत कणखरपणा येतो, तो तिथे सापडत नाही. ‘व्हिपिंग पोस्ट’च्या सुरुवातीचा बेसचा तुकडा अकरा मात्रांचा आहे, तबला शिकलेल्या एका मित्राने मांडीवर तीन-तीन-तीन-दोन असे मोजून दाखवले, तेव्हा दर आवर्तनात आमचा पाय का चुकत होता ते कळले.

तक्रारी दोन. फिलमोरची पहिली प्रत कडेला वाकलेली निघाली आणि बदलून मिळण्यात पाच आठवडे गेले. शिवाय पावसाळ्यात ‘सर्कल’च्या जाड वेष्टनावर बुरशी धरली, तिचे डाग अजून आहेत. गाडी चालवताना किंवा कामे करताना ऐकायचे असेल, तर एवढा खर्च करू नये, फोनवर ऐकणे पुरेसे आहे.

‘व्हिपिंग पोस्ट’ने फिलमोरची चौथी बाजू पूर्ण व्यापली आहे. तेवीस मिनिटांनी ते थांबते, टाळ्यांच्या गजरात बँड ‘माउंटन जॅम’ सुरू करतो आणि तेवढ्यात आवाज विरत जाऊन बाजू संपते. पुढचा भाग ‘ईट अ पीच’ या १९७२ च्या अल्बममध्ये दोन बाजूंवर विभागलेला आहे. दर खेपेस कुणीतरी ‘आता पुढचे लावा’ म्हणतोच, म्हणून गेल्या आठवड्यात तोही मागवला.