मीडियाविकीच्या मदत-पानांवरचा शोध : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचनालयातल्या जुन्या इतिवृत्तांची सूची करायला आम्ही मीडियाविकी बसवलं, त्याला सात महिने झाले. विकिपीडिया ज्यावर चालतो तेच हे मोफत सॉफ्टवेअर. ते शिकवणारी पानं मीडियाविकीच्याच संकेतस्थळावर कितीतरी भाषांत आहेत. पहिला महिनाभर मला त्यातलं मराठी काही धड सापडेना. आज दिवसातून चार-पाच वेळा तिथे शोधते आणि बहुतेक वेळा हवं ते मिळतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. तिथली शोधाची एकच चौकट दोन कामं करते. पानाचं नेमकं नाव लिहून एंटर दाबलं, तर शोध होतच नाही, थेट ते पान उघडतं. ‘हेल्प:टेम्प्लेट्स’ असं रोमनमध्ये लिहा, लगेच पोचाल. पण तो शब्द आणखी कुठे कुठे आलाय हे बघायचं असेल, तर सुरुवातीला ~ हे चिन्ह द्यायचं. मग उडी न मारता यादी येते. शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत टाकला तर तो जसाच्या तसा शोधला जातो. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह. एवढ्यावर रोजचं काम भागतं.

आता भाषेचं. अनुवादित पानाच्या माथ्यावर मराठी मथळा दिसतो, पण त्याचं खरं नाव इंग्रजीच राहतं, शेवटी फक्त तिरकी रेघ आणि ‘एमआर’ ही मराठीची खूण जोडलेली. त्यामुळे मराठी शब्द टाइप करताना खाली नावं सुचतील म्हणून थांबण्यात अर्थ नाही. शब्द पूर्ण लिहायचा आणि पुढे रोमनमध्ये ‘इनलँग्वेज’, त्याला चिकटून अपूर्णविराम, लगेच ‘एमआर’. मधे जागा सोडू नका. फक्त मराठी पानं उरतात. मला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

सगळ्यात जास्त वेळ मात्र आपल्या विभक्तीने खाल्ला. इंग्रजीत एकवचन टाकलं तरी अनेकवचन सापडतं, कारण शब्द मुळापर्यंत सोलून मगच जुळवले जातात. मराठीला ती सोय मिळत नाही. ‘साचा’ शोधला की ‘साच्यात’, ‘साच्याला’, ‘साचे’ ही रूपं बाहेरच राहतात, आणि वाक्यात तर तीच जास्त येतात. उपाय साधा आहे : ‘साच*’. तारांकनाआधी तेवढाच भाग ठेवायचा जो कुठल्याही रूपात बदलत नाही. ‘साचा*’ लिहिलंत तर ‘साच्यात’ पुन्हा निसटतो, कारण सामान्यरूप होताना ‘चा’चा ‘च्या’ झालेला असतो. ‘वर्ग*’, ‘सदस्य*’, ‘विस्तार*’ यांना ही अडचण नाही, ते शब्द सरळ आहेत. माझ्या वहीत आता पंचवीसेक शब्दांचे असे तोडलेले तुकडे लिहून ठेवलेत. नव्याने शिकणाऱ्या मुलींना मी तेच पान आधी दाखवते.

‘ॲ’चीही काळजी घ्या. हे अक्षर स्वतंत्र संकेतांकाचं आहे, पण पुष्कळ जण अजून ‘अ’वर चंद्र देऊन लिहितात. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ती दोन वेगळी लिखाणं. म्हणून असे शब्द मी दोन्ही तऱ्हांनी टाकून बघते.

ज्यांच्याकडे मराठी कळफलक नाही, त्यांनी भाषेच्या सेटिंगमध्ये टंकनपद्धत सुरू करावी. मग शोधचौकटीतच कंट्रोल-एमने मराठी आणि रोमन अशी अदलाबदल होते. वर सांगितलेली मराठी-रोमन खिचडी लिहिताना याचा फार उपयोग होतो.

सापडलेल्या पानावर एखादा परिच्छेद गुलाबी पार्श्वभूमीवर दिसला, तर मूळ इंग्रजी मजकूर नंतर बदललाय असं समजा आणि तेवढ्यापुरतं इंग्रजी पान उघडा. मागच्या आठवड्यात वर्गांबद्दलचा असा एक परिच्छेद मी स्वतःच दुरुस्त केला. थोड्या वेळाने ‘वर्ग*’ टाकून पाहिलं, तर माझं नवं वाक्य यादीत आलं होतं.